हत्यारांचें घर

साधनाला साध्याहून अधिक मान देऊं नये, हें वचन आपल्याकडे इतकें रूढ झालें आहे कीं त्याची परीक्षा करण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. लेखणीपेक्षां लेख मोठा, गाडीपेक्षां प्रवास मोठा, आणि रंध्यापेक्षां त्यानें साफ केलेली फळी मोठी, हें ऐकतांना सर्वजण माना डोलावितात. परंतु ज्यांनीं आपल्या घराच्या एखाद्या कोपऱ्यांत, गच्चीवर अथवा मोटार ठेवण्याच्या जागेंत केवळ आवडीखातर सुतारकामाचा संसार मांडला आहे, त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे या वचनाचा अर्थ वाटतो तितका सरळ नाहीं असें दिसून येतें. या मंडळींच्या आयुष्यांत एक दिवस असा येतो कीं हत्यारें पुष्कळ झालेलीं असतात, तीं ठेवावयास जागा नसते, आणि मग त्यांसाठीं एक कपाट करावें असा संकल्प उत्पन्न होतो. तेथून पुढें चौरंग, पाट, पाळणा हीं सारीं कामें मागें पडतात. कागदावर आकृत्या निघूं लागतात. आणि सहा महिने, क्वचित् एखादें वर्षहि, त्या एका कपाटांत जातें. वस्तु करण्याचें जें साधन, त्या साधनाचें हें साधन. त्यावर एवढा काळ घालविणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न आम्हांस केवळ सुतारकामाचा वाटत नाहीं. ग्रंथ लिहिण्याआधीं वर्षानुवर्षें टांचणेंच लावीत बसणारा विद्वान् आणि गाण्याआधीं तासभर तंबोराच जुळवीत बसणारा गवई हे याच कपाटाचे भाऊबंद होत.

प्रथम त्यांतील तर्काची गंमत पाहूं. हत्यारें ठेवण्यासाठीं कपाट हवें; कपाट करण्यासाठीं हत्यारें हवींत; तीं हत्यारें कपाट होईपर्यंत कोठें तरी ठेविलींच पाहिजेत, म्हणजे तात्पुरतीं खोकीं हवींत; फळ्या तासण्यासाठीं कामाचें मेज हवें, आणि तें मेज करण्यासाठीं पुन्हां दुसरें मेज हवें. नैयायिकांनीं ज्याला अनवस्थादोष म्हटलें आहे त्याचें याहून घरगुती उदाहरण मिळणें कठीण. त्यांतहि पंचाईत अशी कीं जें काम सर्वांआधीं व्हावयास हवें तें सर्वांच्या शेवटींच नीट करतां येतें. नवशिक्यानें केलेल्या कपाटाचीं दारें पहिल्याच पावसाळ्यांत फुगून अडकतात. आणि हात बसेपर्यंत थांबावें, तर तोंवर हत्यारें गंजून जातात.

इंग्लंडांत पूर्वीं सुताराची स्वतःची अशी एक पेटी असे व बहुधा ती त्यानें स्वतःच केलेली असे. बाहेरून ती स्वस्त लांकडाची, रंग फासलेली, प्रवासांत आपटली तरी हळहळ वाटूं नये अशी. आंतले कप्पे मात्र महॉगनीच्या पातळ पापुद्र्यानें मढविलेले आणि पारव्याच्या शेपटीच्या आकाराच्या सांध्यांनीं जुळविलेले. नव्या मालकापुढें झांकण उघडलें कीं कारागिराच्या हाताची परीक्षा होऊन जाई. म्हणजे ती पेटी साधन तर होतीच, पण प्रमाणपत्रहि होतें. हौशी माणसास असें प्रमाणपत्र कोणापुढें ठेवावयाचें नसतें. तो तें स्वतःपुढेंच ठेवतो, आणि लबाडी शिरते ती येथें.

आपल्या गांवगाड्यांतील सुतारास कपाट माहीत नव्हतें. बलुतेदारांत त्याचा मान वरचा. नांगर, कुळव, पाभर, गाडीचें चाक, घराचें आढें, हें सारें त्याच्या हातचें. तो जमिनीवर बसे, लांकूड पायानें दाबून धरी, आणि वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता हीं त्याचीं हत्यारें हाताच्या टप्प्यांत भोंवतीं पडलेलीं असत. संध्याकाळीं तीं गोणपाटांत गुंडाळलीं कीं झालें. जपानी सुताराची परंपरागत पेटीहि अशीच : चार फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या, नक्षी नाहीं, झांकण सरकवून पाचर मारलेलें. या दोघांकडे बोट दाखवून, पाहा, खऱ्या कारागिरास कपाट लागत नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. आणि साधेपणाची महती गाणारे पुष्कळ लोक अलीकडे तसें म्हणतातहि. आम्हांस तें पटत नाहीं. आपल्या सुतारापाशीं दोन पटाशा होत्या त्या दहा नकोत म्हणून नव्हे. दहा घेण्यास पैसा नव्हता म्हणून. त्याचें बलुतें खळ्यावर मिळे, आणि पीक बुडालें कीं तेंहि बुडे. त्याच्या दारिद्र्यास अपरिग्रह हें नांव देऊन आपण आपल्या दिवाणखान्याची शोभा वाढवूं नये.

त्याला कपाट लागत नसे याचें कारण निराळें आहे. रोज वापरांत असलेल्या पोलादावर गंज चढावयास अवसर मिळत नाहीं. रोज हातीं लागणारें हत्यार हरवत नाहीं. आणि ज्या धारेवर पोट आहे ती धार कोणी बोथट राहूं देत नाहीं. हत्याराला घर लागतें तें तें स्वस्थ बसलेलें असतांना. हौशी माणसाचीं हत्यारें आठवड्यांतून सहा दिवस, आणि आषाढ-श्रावणांत तर महिना महिना, स्वस्थ बसलेलीं असतात. मुंबईस किंवा कोंकणांत पावसाळ्याची दमट हवा उघड्या पटाशीवर चार दिवसांत तांबूस ठिपके उठविते. तेलाचा हात फिरवून, कापराची वडी आंत ठेवून, घट्ट मिटणाऱ्या दारांमागें तीं ठेविलीं तरच निभावतात. तेव्हां कपाट हें हत्यार वापरण्याचें साधन नसून तें न वापरण्याचें साधन आहे, असें म्हणणें प्राप्त होतें. हें आम्ही कोणास हिणविण्यासाठीं म्हणत नाहीं. ज्यास पोटासाठीं दुसरा उद्योग करणें भाग आहे त्याचें हत्यार रिकामें राहणारच. पण आपण जें बांधीत आहों तें कशाचें घर आहे, हें बांधणाऱ्यास ठाऊक असलेलें बरें. नाचतां येईना म्हणून अंगणाला वांकडें म्हणणारा मनुष्य सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु अंगण सरळ करण्यांतच जन्म घालविणारा आणि शेवटपर्यंत पायांत चाळ न बांधणारा असाहि एक प्रकार आहे, व त्याच्याविषयीं म्हण झालेली नाहीं, कारण तो फार सभ्य दिसतो.

या स्वस्थपणाचें टोंक पाहावयाचें असेल तर इंग्लंडच्या केंट परगण्यांतील रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयांत ठेवलेली एक पेटी पाहावी. चॅटम येथील जोझेफ सीटन या गृहस्थानें १७९६ च्या डिसेंबरांत आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठीं लंडनच्या ख्रिस्टोफर गेब्रियल या प्रसिद्ध हत्यारविक्याकडून सुतारकामाचा जवळजवळ पूर्ण संच विकत घेतला. मुलानें १७९७ सालीं त्या संचासाठीं पेटी केली आणि प्रत्येक हत्याराची किंमतीसह यादी करून ठेविली. त्यानंतर तीं हत्यारें फारशीं वापरलीं गेलीं नाहींत. शेफील्डच्या केन्यन यांच्या करवतींचे दांत कारखान्यांतून निघाले त्याच रूपांत बव्हंशीं शिल्लक राहिले. याचा परिणाम असा झाला कीं अठराव्या शतकांतील सुताराचीं हत्यारें मूळ कशीं होतीं हें आज ज्यास जाणावयाचें आहे त्यास या पेटीकडे जावें लागतें. कारण जे सुतार उद्योगी होते त्यांच्या पटाशा दगडावर झिजून बोटभर राहिल्या, करवती कानशींनीं खाऊन टाकल्या, आणि रंधे जळणांत गेले. बेंजामिननें मन लावून काम केलें असतें तर ज्ञानाचें एक दालन आपणांस बंद झालें असतें.

आतां याला काय म्हणावें? फलावरून कर्माची परीक्षा करणारे म्हणतील कीं त्याच्या न वापरण्यानें जगाचें हित झालें, तेव्हां तें बरेंच झालें. आमच्या मतें हा विचार उलटा आहे. सव्वादोनशें वर्षांनंतरच्या संशोधकास उपयोग व्हावा या हेतूनें कोणी रंधा बाजूस ठेवीत नाहीं, आणि तसा ठेवणारा निघालाच तर तो सुतार नव्हे, संग्राहक होय. पश्चात् झालेला लाभ हा आचरणाचा नियम होऊं शकत नाहीं. त्या पेटीकडे पाहून शिकावयाचें असेल तर इतकेंच कीं हत्यार जितकें सुरक्षित तितकें तें हत्यारपणापासून दूर. धार ही वस्तु झिजण्यासाठींच असते. दर वेळीं दगडावर घांसतांना पोलादाचा थोडा अंश जातो व तो गेला म्हणूनच ती धार असते.

दुसरें उदाहरण याच्या नेमकें विरुद्ध, आणि आमच्या दृष्टीनें अधिक अवघड आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें हेन्री स्टडली (१८३८–१९२५) नांवाचा ऑर्गन व पियानो करणारा कारागीर होऊन गेला. त्यानें आपल्या हत्यारांसाठीं केलेली भिंतीवर टांगण्याची पेटी मिटली असतां सुमारें ४० इंच उंच, २० इंच रुंद आणि अवघी ९-१० इंच खोल आहे. परंतु पुस्तकासारखी उघडली म्हणजे तींत अडीचशेंच्या आसपास हत्यारें प्रत्येक आपापल्या कोनाड्यांत बसलेलीं दिसतात. एक थर बाजूस वळविला कीं मागें दुसरा थर निघतो. महॉगनी, शिसवी, आबनूस, हस्तिदंत व शिंपला यांची जडावाची कामें तींत आहेत. लहान लहान कमानी आहेत. हत्यार जागेवर धरून ठेवणाऱ्या फिरत्या खिट्या आहेत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ती कांहीं काळ मांडलेली होती, आणि २०१५ सालीं तिच्यावर एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध झाला.

साधन-साध्याच्या वचनानें मोजलें तर स्टडली गुन्हेगार ठरतो. पाने आणि पटाशा ठेवण्यास हस्तिदंताची कांहींएक आवश्यकता नाहीं. पण तो आळशी नव्हता. सारें आयुष्य त्यानें कारखान्यांत वाद्यें घडविलीं, आणि त्या वाद्यांवर नांव असे तें कारखान्याचें. सर्वस्वीं त्याची म्हणावी अशी कृति म्हणजे ती पेटीच. तेव्हां ती पेटी साधन नव्हेच. पेटीच्या वेषांत आलेली ती एक कृति आहे, आणि कृतीला जो काळ लागतो तो कोणी उधळपट्टींत जमा करीत नाहीं. येथें आम्हांस या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली सांपडली असें वाटतें. दोष कपाटावर खर्ची पडलेल्या श्रमांत नाहीं. त्या श्रमास आपण जें नांव देतों त्यांत आहे. जो मनुष्य म्हणतो, हें कपाट हेंच माझें यंदाचें काम, त्यानें तें खुशाल वर्षभर करावें; मग त्याचा प्रत्येक सांधा आपण कृतीच्या कसोटीवर पाहूं. जो म्हणतो, हें नुसतें साधन आहे, त्यानें तें दोन-तीन रविवारांत प्लायवुडचें ठोकून मोकळें व्हावें. मग त्याच्या ओबडधोबड कडांबद्दल त्यास कोणी बोल लावूं नये. परंतु बहुतेक जण या दोहोंच्या मध्यें बसतात व दोन्हींकडची सवलत घेतात. उशीर झाला म्हणजे म्हणतात, अहो, कला आहे ही. आणि सांधा उघडा पडला म्हणजे म्हणतात, हत्यारांचेंच तर कपाट, त्यास काय पाहावयाचें! तयारी हा शब्द त्यांच्या फार उपयोगीं पडतो. तयारी चालली आहे असें म्हणणारा मनुष्य कधींच नापास होत नाहीं, कारण त्याची परीक्षा अजून व्हावयाची असते.

आणि यांत पणास लागलेली वस्तु लहान नाहीं. साठीला नोकरींतून निवृत्त होऊन ज्यानें करवत हातीं घेतली त्याच्या डोळ्यांत व मनगटांत बारीक काम करण्याजोगीं पंधरा वर्षें उरलीं असलीं तर तो भाग्यवान्. नातवाचा पाळणा नातू चालूं लागण्यापूर्वीं व्हावा लागतो. नंतर तो कितीहि सुंदर झाला तरी पाळणा होत नाहीं.

तरीसुद्धां कपाट करूंच नये असें आमचें मत नाहीं. उलट तें करण्याच्या ओघांत एक असें कृत्य करावें लागतें कीं तेवढ्यासाठीं तरी तें करावें. आराखडा काढण्यापूर्वीं सारीं हत्यारें जमिनीवर मांडावीं लागतात. कामाच्या मेजाशेजारीं टांगावयाचें साधारण कपाट चार फूट उंच, तीन फूट रुंद व फूटभर खोल असतें. दारें चार इंच खोल पेटीसारखीं केलीं तर त्यांच्या आंतल्या बाजूस करवती, गुण्ये व पटाशा टांगतां येतात आणि जागा जवळजवळ दुप्पट होते. छाती ते कंबर या पट्ट्यांत हात न वांकवितां पोंचतो, म्हणून तेथें रोजचीं हत्यारें, त्याच्या वर क्वचित् लागणारीं, तळाशीं जड. लोखंडी रंधा दोन किलोंहून जड असतो, तेव्हां असे पांच-सहा रंधे धरले तर भिंतींतील खिळ्यांवर विसंबून चालत नाहीं; एक फळी तिरकी चिरून तिचा एक भाग भिंतीस व दुसरा कपाटाच्या पाठीस बसवावा आणि एकावर एक अडकवावा. दारें भरीव फळीचीं न करितां चौकट करून तींत पातळ फळी खांचेंत सुटी ठेवावी, सरस लावूं नये. पावसाळ्यांत ती आडवी फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते, आणि तिला हलावयास जागा ठेविली नाहीं तर ती चौकट तरी फोडते नाहीं तर आपण तरी चिरते. हें सारें कोणताहि अनुभवी सुतार सांगेल. पण त्या तीन-चार फुटांत काय काय बसवावयाचें, हें सांगणें सुताराच्या हातचें नाहीं.

कारण जमिनीवर मांडलेलीं सारीं हत्यारें त्यांत मावत नाहींत. कधींच मावत नाहींत. मग निवड करावी लागते. हा रंधा गेल्या महिन्यांत हातीं घेतला होता; हा गेल्या वर्षीं; आणि हा घेतला तेव्हां मोठें कोरीव काम करावयाचें मनांत होतें तें मनांतच आहे. एकाच रुंदीच्या तीन पटाशा निघतात. वेष्टणांतून न निघालेलें गिरमिट निघतें. हत्याराला नेमकी जागा देणें म्हणजे, याचें काम मी करणार आहें, अशी कबुली देणें. आणि जागा नाकारणें म्हणजे तें काम आपल्या हातून व्हावयाचें नाहीं हें मान्य करणें. मोठ्या खोलीचा मालक या कबुलीपासून सुटतो, तो दुसरें कपाट करतो. लहान जागेंत राहणारास ती चुकत नाहीं, आणि आम्हांस तर लहान जागेचा हा लाभच वाटतो. योगशास्त्रांतील यमांत अपरिग्रह सांगितला आहे तो सामान्यतः धनाच्या संबंधांत समजला जातो. पण न होणाऱ्या कामांचीं हत्यारें जवळ ठेवणें हा धनाहूनहि चिवट परिग्रह आहे, कारण तो वस्तूंचा नसून आपल्याविषयींच्या कल्पनांचा असतो. वडिलांच्या हातचा एखादा झिजलेला रंधा यांतून वगळावा. त्याला उपयोगाचा हिशेब लावूं नये. मात्र अशा वस्तूंसाठीं एकच खण ठेवावा, दोन झाले कीं देवघर होतें.

जें उरलें तें काय करावें? मराठींत हत्यार हा शब्द शस्त्रासहि लागतो व अवजारासहि, आणि खंडेनवमीस दोहोंचीहि पूजा होते. तलवार म्यानांत राहिली तर लोक समाधान मानतात. करवत म्यानांत राहिली तर कोणाचें तरी काम अडलेलें असतें, हा भेद त्या एका शब्दांत लपून जातो. शेजारच्या इमारतीच्या कामावर आलेला तरुण सुतार हलक्या पोलादाची पटाशी तासातासाला घांसत असतां आपल्या घरांत तिच्याहून चांगल्या दोन पटाशा तेलकट फडक्यांत गुंडाळलेल्या असाव्यात, यांत कांहीं अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. फार मोठा नव्हे, पण अन्याय खरा. कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें १९७९ सालापासून पुस्तकांप्रमाणें हत्यारेंहि घरीं नेण्यास देण्याची व्यवस्था चालविली आहे. आपल्याकडे पुस्तकेंच परत येत नाहींत, तेथें रंधे कोठून येणार, असें कोणी म्हणेल. तथापि उसनें देणें जमलें नाहीं तरी देऊन टाकणें कोणी अडविलेलें नाहीं.

राहतां राहिला स्टडलीच्या कोनाड्यांचा प्रश्न. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खांच कोरली तर एक मोठी सोय होते : संध्याकाळीं दार मिटतांना कोणतें हत्यार जागेवर नाहीं तें रिकाम्या खांचेवरून तत्काळ कळतें, आणि तें भुशांत पडलें असेल तर त्याच दिवशीं सांपडतें. पण अशा कपाटांत नवें हत्यार शिरत नाहीं, आणि मालकाच्या मागें तें ज्याच्या वांट्यास येईल त्याला त्याचा उपयोग होत नाहीं. एका माणसाच्या हाताला बेतून कापलेलें तें घर असतें. आमचा कल मधल्या मार्गाकडे आहे. पटाशांची पट्टी, करवतींची खुंटी, रंध्यांचा उतरता फळा हे सर्व स्क्रूनें बसवावे, सरसानें नव्हे. म्हणजे पुढें ज्यास ते काढून दुसरीकडे लावावयाचे असतील त्यास फोडावें लागणार नाहीं. अशा कपाटास स्टडलीच्या पेटीचें सौंदर्य येणार नाहीं, हें उघडच आहे.

कुलपाविषयीं मात्र मतभेद संभवतो. पूर्वींच्या सुताराच्या पेटीस कुलूप असे, कारण पेटी चोरीस गेली म्हणजे त्याची रोजीच जाई. घरच्या कपाटास तें कारण नाहीं. घरांत लहान मूल असेल तर मूल खिडकीच्या उंचीचें होईतोंवर कुलूप असावें व किल्ली वर ठेवावी; त्यानंतर तें काढून, बोथट झालेली एक पटाशी आणि एक लहान करवत त्याच्या हाताला येईल अशा खालच्या खुंटीवर टांगावी.